जर्मनच्या गंजाचं डोकं असलेला रोबोट: खरा उभा केला तर भेव वाटते, रेंडर केला तर स्टीलचा डबा दिसते

पऱ्हाटीतला_पिक्सल

राम राम मंडळी, थोडं लंबं आहे पण वाचा. आम्ही चार पोट्टे मिळून एक शॉर्टफिल्म करून राहिलो, आर्वी तालुक्यात, गावातच. गोष्ट अशी की एक म्हातारा रानडुकरं अन् रोह्यांना कंटाळून जागलीसाठी भंगारातून रोबोट बनवतो, बुजगावण्यासारखा, अन् एका रात्री तो रोबोट आपोआप धुऱ्याधुऱ्यानं चालाले लागते.

रोबोट आम्ही खराच बनवला, ५ फूट ४ इंच. डोकं म्हणजे आजीचा जुना जर्मनचा गंज उपडा घातला, छाती तेलाचा पिपा, १५ किलोवाला, पाठीवर फवारणीचा निळा पंप, हातपाय शेतातले पीव्हीसी पाइप, खांदे जीआय पत्रा वाकवून, गुडघ्यात मोटारसायकलचे जुने शॉकअप, अन् डोळा एकच, हेडलाइटचा. पाइप, पिपा अन् खांदे यांना गावातल्या पेंटर काकांनी सिल्व्हर मारला, अर्धा ब्रशनं, अर्धा कुणाची तरी गन आणून. खरं सांगतो, संध्याकाळी उभा केला तर कुत्रे भुंकतात त्याच्यावर.

आता तो खरा तर चालत नाही ना, म्हणून चालायचे चार शॉट मी ब्लेंडरमधे, म्हणजे थ्रीडी सॉफ्टवेअरमधे, करून राहिलो. मॉडेल टेपनं मोजून केलं, एकदम मापात आहे, कॅमेरा ट्रॅकिंगही बसलं. पण मटेरियल काही केल्या जमत नाही. खऱ्या प्रॉपच्या शॉटनंतर लगेच माझा शॉट आला की कोणीही म्हणते हा वेगळा रोबोट आहे. लग्नाच्या सीझनला भांड्याच्या दुकानात जसे नवे डबे चमकतात तसा चमकते. सगळं मेटॅलिक १ ठेवलं आहे (० म्हणजे धातू नाही, १ म्हणजे पूर्ण धातू), रफनेस म्हणजे खडबडीतपणा ०.२, वरून नेटवरचं ओरखड्यांचं टेक्श्चर, अन् उजेडाला एक एचडीआरआय, म्हणजे चारी बाजूंच्या उजेडाचा फोटो, डाउनलोड केला, जंगलाचा, चांगला होता दिसायला. रफनेस वाढवला की सिमेंटचा दिसते, कमी केला की डबा. मधलं काही सापडतच नाही बावा.

सिल्व्हर पेंटसाठी एखादा पक्का आकडा असते का, असं कुठं टेबल वगैरे? अन् दुसरं म्हणजे डायरेक्टर म्हणते की हे सोडून दे, खऱ्याच रोबोटच्या मागं हिरवा कपडा लावून शूट करू अन् कापून चिटकवू, सरकवत सरकवत, ते जमेल का? शूट मार्चमधलं आहे, दुपारी साडेचार पाचचं ऊन. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, अन् लाइन कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून रात्रभर रेंडर लावायची हिंमत होत नाही. खऱ्या रोबोटचे फोटो अन् माझे रेंडर सोबत टाकले आहे.

हिंगणघाटचा_नोड

आधी एक सांगतो, तुझी पोस्ट मी इथं पुण्यात रूममेटला वाचून दाखवली, तो सोलापूरचा, तो म्हणतो डोक्यालाच गंज लागलाय म्हणतोय तर मग गंजाचं टेक्श्चर लाव म्हणावं. दहा मिनिटं गेली त्याला समजवायला की आपल्याकडं गंज म्हणजे पातेलं, अन् जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, अन् जर्मनच्या गंजाला गंज कधीच लागत नाही.

आता मुद्दा. मी लुकडेव्हच करतो, सहा वर्षं झाली, म्हणजे दिवसभर हेच, खऱ्या वस्तूचा फोटो बाजूला ठेवून मटेरियल जुळवत बसायचं. तुझी गडबड आकड्यात नाहीये. तू गोष्टीतला रोबोट रेंडर करून राहिलास. गोष्टीत तो लोखंडाचा आहे, पण कॅमेऱ्यासमोर जो उभा होता तो लोखंडाचा नाहीच ना, ते सिल्व्हर मारलेलं पीव्हीसी आहे. तुला लोखंडासारखं दिसणारं पीव्हीसी जुळवायचंय, लोखंड नाही. जितकं चांगलं लोखंड करशील तितका तो प्रॉपपासून लांब जाईल.

हे तुझ्यापुरतंच नाही, सिनेमातले रोबोट असेच असतात. १९२७ चा तो जर्मन मूकपट, मेट्रोपोलिस, त्यातली ती धातूची बाई सगळ्यांनी कुठं ना कुठं पाहिलीच असेल. ती धातूची नाहीये. वॉल्टर शुल्त्से-मिटेनडॉर्फ नावाच्या शिल्पकारानं ती लाकडाच्या लगद्यासारख्या पुट्टीची बनवली होती, वाळली की कडक होते अशी, अन् वरून चांदीच्या रंगाची ब्राँझ पावडर मिसळलेलं लॅकर फवारलं. म्हणजे जवळपास शंभर वर्षं लोक जिला धातू समजतात ती पुट्टी अन् स्प्रे आहे. आज कुणाला ती डिजिटल करायची असेल अन् त्यानं मेटॅलिक १ करून क्रोम लावलं तर ती चकचकीत दिसेल पण सिनेमातली ती बाई वाटणार नाही.

म्हणून आधी अख्ख्या रोबोटला एक मटेरियल हे डोक्यातून काढ. भागाभागानं जा.

डोकं हे खरंच धातू आहे, तिथं मेटॅलिक १ बरोबर. स्वच्छ ॲल्युमिनियमचा बेस कलर लिनियरमधे, म्हणजे उजेडाच्या सरळ मापात, लाल-हिरवा-निळा ०.९१, ०.९२, ०.९२ च्या आसपास धरतात, म्हणजे पडलेल्या उजेडातला नव्वद टक्के परत फेकतो तो, लोखंड छप्पन्न-सत्तावन्न टक्केच. पण आजीचा गंज आहे, वर्षानुवर्षं राखेनं घासलेला. राखेनं घासताना हात गोल गोल फिरतो ना, त्यामुळं बारीक ओरखडे गोल बसतात, अन् गोल ओरखड्यांवर ऊन पडलं की चमक ठिपक्यासारखी दिसत नाही, डमरूसारखी दोन बाजूंना पसरते. त्याला ॲनिसोट्रॉपिक, म्हणजे चमक एका दिशेनं ताणणारा आकडा, वाढव अन् टँजंट, म्हणजे ती दिशा, रेडियल ठेव, गंजाच्या मधोमध अक्ष धरून. आणखी एक, तू गंज उपडा घातला म्हणजे गंजाचं बूड हे रोबोटचं टाळकं झालं. चुलीवरचा गंज असेल तर बुडाला काजळी असणारच, कितीही घासला तरी कडेच्या खाचेत उरते. काजळी धातू नाही, तिथं मेटॅलिक ० अन् रंग जवळजवळ काळा, ०.०४ वगैरे. तुझ्या रेंडरमधे टाळकं चकचकीत आहे, मी झूम करून पाहिलं.

पंप हा प्लास्टिक. मेटॅलिक ०, आयओआर, म्हणजे उजेड किती वाकतो तो आकडा, १.५ च्या जवळ, अन् उन्हात राहून वरच्या बाजूनं फिका झाला असेल, खाली पट्ट्याच्या मागं मूळ निळा असेल, पट्टा सरकवून बघ. जीआय पत्र्याला जिथं रंग नाही तिथं ते मोठमोठे बर्फाच्या फुलासारखे डाग दिसतात, जस्ताचे स्फटिक, प्रत्येक स्फटिक वेगळ्या कोनात चमकतो. ते व्होरोनॉय टेक्श्चरनं, म्हणजे तुकड्यातुकड्यांच्या नक्षीनं, रफनेसमधे थोडंसं टाक, रंगात नाही.

सिल्व्हर पेंटचं टेबल विचारलंस. स्वच्छ धातूंचं टेबल मिळतं, पेंटचं नाही, कारण प्रत्येकानं थिनर किती टाकलं ते टेबलला काय माहीत. सिल्व्हर म्हणजे तेलकट वार्निशमधे ॲल्युमिनियमचा पातळ पातळ चुरा, तो वाळताना पानांसारखा वर तरंगून येतो अन् एकावर एक पडतो. पण सपाट पडत नाही, थोडा तिरपा, अन् मधे मधे वार्निश दिसतं. म्हणून आरसा होत नाही, पण सिमेंटही होत नाही. मी असं काही आलं की मेटॅलिक १ च ठेवतो, बेस कलर ०.५५ च्या आसपास खाली आणतो, रफनेस ०.४५ पासून सुरू करतो अन् मग फोटो शेजारी ठेवून हलवतो. हा सुरुवातीचा आकडा आहे, वेदवाक्य नाही. अन् जिथं रंग उडून पीव्हीसीचा राखाडी दिसतो तिथं मेटॅलिक थेट ०. मेटॅलिक ०.५ असली वस्तू जगात नसते, फक्त दोन्हीच्या काठावर पिक्सल मिसळतात तेवढंच.

अन् रफनेसचा मॅप, म्हणजे जागोजागचा रफनेस सांगणारं चित्र, लावलास तर इमेज नोडमधे कलर स्पेस नॉन-कलर (हा रंग नाही, नुसते आकडे) केलंय का बघ. नव्वद टक्के लोकं इथंच फसतात, मी पण फसलो होतो, अख्खा आठवडा.

गॅरेजवाला_वरुड_रोड

मी कॉम्प्युटरवाला नाही, डेंटिंग पेंटिंगवाला आहो. पोरगं हे शिकून राहिलं, त्यानं वाचून दाखवलं म्हणून लिहून राहिलो, तोच टाइप करून राहिला.

त्या नोडवाल्या भाऊनं चांगलं सांगतलं, पण तुमच्या फोटोत मले पहिल्यांदा जे दिसलं ते कोणीच नाही बोललं. छातीच्या पिप्यावर गननं मारलेला सिल्व्हर आहे अन् त्याले संत्र्याची साल पडली आहे. आमच्या धंद्यात असंच म्हणतात त्याले, अन् मी तं राहतोच संत्र्याच्या पट्ट्यात, त्याच्यामुळं मले सांगाचं काम नाही संत्र्याची साल कशी राह्यते. पेंट जाड राहिला, थिनर कमी पडलं, नाही तं गन लंब धरली, तं थेंब पत्र्यावर पसराच्या आधीच वाळून जाते. मार्चच्या उन्हात तं वाळतेच वाळते. आम्ही म्हणून उन्हाळ्यात हळू सुकणारं थिनर वापरतो, नाही तं सकाळी सातलाच मारून घेतो. तं ते साल तुमच्या कॉम्प्युटरच्या पिप्यावर नाही, तिथं पिपा गुळगुळीत आहे काचेवानी. गुळगुळीत पिप्यात समोरचं झाड सरळ दिसते, सालवाल्या पिप्यात झाडाची कड लह्यरल्यावानी दिसते. मोठा फरक तो आहे.

हात पाय ब्रशनं मारले आहे. ब्रशनं सिल्व्हर मारला की त्याचा चुरा ब्रशच्या दिशेनं झोपते. पाइपाच्या लांबीनं ओढला आहे, तं लांबीनंच रेघा दिसतात, एक रेघ उजळ एक मंद. तुम्ही तिथं नेटवरचे ओरखडे लावले ते आडवे तिडवे आहे. ते कायचे ओरखडे आहे? मांजरीनं नोचला का रोबोट?

आता झिजते कुठं ते सांगतो, हे ध्यानात ठेवजा. गाडी असो का रोबोट, रंग तिथंच जाते जिथं हात लागते, घासते नाही तं वाकते. तुम्ही चार जणांनी त्याले उचलून शेतात नेला ना? कुठं धरला? काखेत अन् कमरेत. तिथं पाहा, सिल्व्हर घासून गेला असंन. पीव्हीसीले तं रंग तसाच धरत नाही, आधी काचपेपर मारा लागते, तो मारला नसंन तं कोपराजवळ नखानं काढला तरी पापुद्रा निंघते. जीआय पत्र्याचं तं विचारूच नका, नव्या जीआयले वेगळा प्रायमर लागते, नाही तं सहा महिन्यात भाकरीच्या पापुद्र्यावानी वर येते. म्हणजे खांद्यावर रंग घासून नाही जात, पोपडा धरून जाते. काठ कडक राह्यतात त्याचे, सावली पडते त्याची. पाइपावर घासून जाते, काठ नरम राह्यतात. हे दोन्ही सारखं दाखवसान तं माह्यासारख्याले लगेच समजते.

अन् एक. त्या सिल्व्हरचा हाताले लागते. तुमच्या पोट्ट्यांच्या बोटाले लागला असंन, अन् तेच बोटं मंग पिप्याले लागले असंन, हेडलाइटच्या काचेले लागले असंन. ते ठसे आहे का तुमच्यात?

बांधावरचा_बंडू

एवढं टेन्शन कायले घेता, रानडुकराले रफनेस ०.४५ अन् ०.२ मधला फरक समजते का 😂

अन् काका, तुम्ही खरंच ठसा बोलले का, मी दोन वर्षांपासून ब्लेंडर शिकून राहिलो, एका ट्युटोरियलवाल्यानं हे सांगितलं नाही की कोणत्या हाताचं बोट कुठं लागलं असंन.

चौकट_आणि_उजेड

मी शाळेत शिक्षक आहे, फोटोग्राफी हा जुना नाद. वरच्या दोघांनी वस्तूबद्दल सांगितलं, मी उजेडाबद्दल सांगतो, कारण माझ्या मते तुमचा अर्धा प्रॉब्लेम तिथेच आहे.

धातूला, आणि सिल्व्हर पेंटलाही बऱ्याच प्रमाणात, स्वतःचा असा चेहरा नसतो. तो आजूबाजूचं दाखवतो. तुम्ही शूट केलंय वर्धा जिल्ह्यातल्या शेतात, मार्च महिन्यात, आणि रोबोटमध्ये प्रतिबिंब पडतंय कुठल्या तरी परदेशी जंगलाचं, खाली हिरवंगार गवत. मी तुमची फ्रेम मोठी करून पाहिली, पिप्याच्या खालच्या अर्ध्या भागात हिरवट झाक आहे. तुमच्या शेतात मार्चमध्ये हिरवं काय असणार? हरभरा निघाला, पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचली, खाली काळी माती, तीही वाळून भेगा पडलेली. म्हणजे खऱ्या पिप्यात वरच्या अर्ध्या भागात मळकट पांढरं आभाळ दिसणार, खालच्या अर्ध्या भागात गडद तपकिरी, आणि मधोमध एक आडवी रेघ, क्षितिजाची, तिच्यावर दूरच्या बाभळींचे काळे ठिपके. ती आडवी रेघ महत्त्वाची आहे. ती आली की वस्तू त्या जागी उभी वाटते. तुमच्या रेंडरमध्ये ती रेघ नाही, झाडांची गिचमिड आहे.

तेव्हा पुन्हा त्याच जागी जा, साडेचारलाच जा, आणि तिथला एचडीआरआय स्वतः काढा. मोठ्या सिनेमावाले आरशासारखा गोळा घेऊन जातात, सोबत एक मॅट राखाडी गोळाही. आपल्याकडे तो गोळा कुठून आणायचा? तरी एक युक्ती सांगतो, स्टीलची चांगली गोल बुडाची वाटी उपडी करून काठीवर चिकटवा, रोबोट उभा होता त्या जागी छातीच्या उंचीवर धरा आणि लांबून झूम करून फोटो काढा. त्यातून पूर्ण एचडीआरआय होणार नाही, पण आभाळ किती उजळ, माती किती गडद, सूर्य कुठे, हे तुम्हाला एका वाटीत दिसेल. मग मोबाईलनेच चारही बाजूंचे फोटो घेऊन पॅनोरमा जोडा, प्रत्येक दिशेला तीन-चार वेगवेगळ्या एक्स्पोजरचे. प्रत्येक फोटोचं एक्स्पोजर स्वतः ठरवून लॉक करा, आणि व्हाइट बॅलन्स सगळ्या फोटोंना एकच लॉक ठेवा. नाहीतर मोबाईल प्रत्येक फोटोला स्वतःच्या मनाने उजळ करतो आणि तुमचं सगळं गणित पाण्यात.

मोबाईलच्या फोटोत सूर्य कधीच पूर्ण येत नाही, तो पांढरा पडून कापला जातो. म्हणून पॅनोरमातला सूर्य ब्रशने पुसून टाका आणि ब्लेंडरमध्ये वेगळा सन लॅम्प लावा, अँगल ०.५३ डिग्री, आभाळात सूर्य तेवढाच रुंद दिसतो. अँगल मोठा ठेवलात तर सावलीची कड मऊ पडते आणि उन्हाळ्याचं ऊन ढगाळ वाटायला लागतं. बरोबर एक १८ टक्के राखाडी कार्डही न्या, ते खऱ्या फ्रेममध्ये आणि रेंडरमध्ये दोन्हीकडे सारखं दिसलं की मगच मटेरियलचे आकडे हलवायला बसा. उजेड जुळायच्या आधी रफनेस हलवणं म्हणजे मीठ चाखायच्या आधी तिखट टाकणं.

हिरव्या कपड्याबद्दल, नका लावू. सिल्व्हर रोबोटच्या मागे आणि बाजूला हिरवा कपडा म्हणजे रोबोटच हिरवा होणार, प्रत्येक गोल कडेवर हिरवी पट्टी दिसेल आणि कापताना ती कडही कापली जाईल. मोठ्या सिनेमांनाही हा त्रास झालाय. १९७७ च्या स्टार वॉर्समध्ये तो घुमटाच्या डोक्याचा छोटा रोबोट आहे ना, आर-टू-डी-टू, तो निळ्या पट्ट्यांचा. अंतराळातल्या विमानाच्या शॉटमध्ये त्या निळ्या पट्ट्या काळ्या दिसतात, कारण ते शॉट निळ्या पडद्यापुढे घेतले होते आणि पट्ट्यांचा निळा पडद्यासोबत गेला. तुमच्याकडे पंप निळा आणि बाकीचं सगळं चकाकतं, म्हणजे हिरवा लावा की निळा, अडचण ठरलेली.

पऱ्हाटीतला_पिक्सल

बापरे, एवढं कोणी सांगत नाही हो. सगळ्यांना धन्यवाद. चार दिवस लागले पण करून पाहिलं, सांगतो काय झालं.

पहिलं म्हणजे पट्टा सरकवून पाहिला, नोड भाऊ, खरंच खाली एकदम गडद निळा आहे अन् वर आभाळासारखा फिका. मला वाटायचं पंपाचा रंगच फिका आहे. टाळक्याचंही खरं निघालं, आजीला विचारलं तर म्हणे अरे तो गंज चुलीवर पाणी तापवायचा होता, काजळी खाचेत भरलीच आहे. मी फोटोत पाहत होतो तेव्हा ती मला सावली वाटत होती, इतके दिवस.

पेंटर काकांकडं त्याच डब्यातला सिल्व्हर उरला होता. एक फूट पाइप कापून अर्धा ब्रशनं अर्धा गननं मारून घेतला, अन् वाटी काठीला चिकटवून तिघं मिळून शेतात गेलो. एक जण वाटी घेऊन उभा, एक जण पाइप घेऊन, अन् मी मोबाईल घेऊन. शेजारच्या शेतातले काका विचारत होते हे कोणतं सर्वेक्षण चालू आहे बाबू, आम्हाला वाटलं पीकविम्यावाले आले.

त्या पाइपाचा फोटो अन् ब्लेंडरमधला पाइप शेजारी ठेवून जुळवला, अख्खा रोबोट नाही, फक्त पाइप. इथं गंमत झाली. उजेड आमच्या शेताचा लावला अन् मटेरियल जुनंच ठेवलं, तेव्हाच अर्ध्याहून जास्त जुळलं. ती आडवी रेघ आली पिप्यात. मग रफनेस ब्रशच्या भागात ०.४८ वर थांबला, गनच्या भागात ०.३८, अन् दोन्हीत थोडा नॉइज, काकांनी सांगितल्यासारखा लांबीच्या दिशेनं ताणलेला. संत्र्याची साल बंपमधे, म्हणजे खोट्या उंचसखलपणात, टाकली, आधी जास्त झाली, पिपा कारल्यासारखा दिसाले लागला, मग स्ट्रेंग्थ ०.०५ केली. नेटवरचं ओरखड्यांचं टेक्श्चर डिलीट. काखेतलं अन् कमरेतलं झिजणं हातानं पेंट केलं, खऱ्या रोबोटचे फोटो समोर ठेवून. बोटांचे ठसेही काढले, माझ्याच अंगठ्याला सिल्व्हर लावून कागदावर उमटवले अन् स्कॅन केले, आता अंगठा दोन दिवस चांदीचा आहे, घासलेट लावलं तरी पूर्ण जात नाही.

एक नवीन प्रॉब्लेम मात्र, रेंडर शूट केलेल्या क्लिपवर ठेवला की क्लिपच फिकी होते, धुतल्यासारखी. अन् टॉर्चच्या शॉटमधे रोबोटवर पांढरे ठिपके उडून राहिले, काजव्यांसारखे.

हिंगणघाटचा_नोड

क्लिप फिकी होते कारण व्ह्यू ट्रान्सफॉर्म, म्हणजे स्क्रीनवर रंग कसे दाखवायचे ती सेटिंग, एजीएक्सवर असणार, ब्लेंडर ४.० पासून तोच डीफॉल्ट आहे, त्याआधी फिल्मिक होता. तुझी मोबाईलची क्लिप आधीच रंग लावून आलेली असते, तिच्यावर परत एजीएक्स बसला की चेहरा पडतो. कंपोझिटिंग करताना, म्हणजे क्लिपवर रेंडर बसवताना, ती सेटिंग स्टँडर्ड ठेव. अन् रोबोट मग जास्त कडक वाटला, उजेडाच्या जागा फाटल्या, तर फक्त रोबोटच्या रेंडरचं एक्स्पोजर नोडमधे खाली आण, क्लिपला हात लावू नको.

काजव्यांना कामात पण काजवेच म्हणतात, फायरफ्लाय. इनडायरेक्ट क्लॅम्प, म्हणजे उसळून आलेल्या उजेडाची मर्यादा, १० वरून ३ वगैरे कर अन् डिनॉइझ लाव. लाइन जाण्याचं म्हणशील तर व्हिडिओ फाइल म्हणून रेंडर करूच नको, एकेक फ्रेम पीएनजी म्हणून सेव्ह कर अन् ओव्हरराइट बंद ठेव. लाइन गेली तर जिथं थांबलं तिथून पुढं सुरू होतं, फक्त तुटलेली शेवटची फ्रेम डिलीट करायची. मी हॉस्टेलवर असताना अख्खा प्रोजेक्ट असाच काढला.

अन् ०.४८ ला पोचलास हे वाचून बरं वाटलं. खऱ्या पाइपाचा फोटो टाक ना इथं.

पऱ्हाटीतला_पिक्सल

टाकतो. सोबत नवीन रेंडर पण टाकून राहिलो, दोन फ्रेम, एक खऱ्या रोबोटची अन् एक माझ्या. कोणती खरी ते सांगत नाही. डायरेक्टरनं चुकीची सांगितली 😁 आजीनं मात्र एका झटक्यात ओळखली, पण ती म्हणे गंजाच्या कानाला पोचा आहे तो इथं नाही, म्हणून. पोचा आता टाकतो.

चौकट_आणि_उजेड

उजवीकडची खरी आहे ना? सावलीच्या टोकाला मातीचं ढेकूळ आहे, त्यावर सावली मोडली आहे. डावीकडे सावली सपाट जमिनीवर पडल्यासारखी सरळ गेली आहे. जमिनीचं मॉडेल थोडं खडबडीत करा, निदान सावली पडते तेवढ्या जागेपुरतं. बाकी मी फसलो असतो, खरंच.

गॅरेजवाला_वरुड_रोड

पोरानं मोठ्या स्क्रीनवर दाखवले दोन्ही. साल चांगली जमली, पिप्याचं काम एक नंबर. खांद्याचा पोपडा पण जमला.

पण डावीकडच्या फोटोत दोन्ही हात पाहा बरं. उजव्या हाताच्या मनगटापाशी रंगाचा ओघळ आहे, ब्रशमधे पेंट जास्त घेतला की असा उतरते, तो बरोबर आहे, खऱ्यातही आहे. तं तोच ओघळ डाव्या हातावर पण आहे. तेवढाच लंबा, त्याच जागी, अन् आरशात पाहिल्यावानी उलटा. ४० वर्षं झाले मले ब्रश धरून, सारखे दोन ओघळ मी तं एकदाही पाडू शकलो नाही.

पऱ्हाटीतला_पिक्सल

च्या मायले. मिरर मॉडिफायर.

एक हात बनवला अन् दुसरा मिरर केला होता, टेक्श्चर पण त्याच्यासोबत गेलं. पाय पण तसेच आहे, आता पाहिलं. गुडघ्याखालचा चिखल पण दोन्हीकडं सारखा उडाला आहे.

थांबा, आज रात्री डाव्या हाताचा यूव्ही, म्हणजे टेक्श्चर कुठं बसते तो नकाशा, वेगळा करून परत पेंट करतो. लाइन राहिली तर.